दांडीला टिकेल असा

तांदळाच्या कणीएवढा स्क्रू, आणि त्याच्याही डोक्यावर हिरवट पूड धरलेली... अक्षयनं तो चिमट्यानं उचलून बाटलीच्या झाकणात टाकला, तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. आणि जमनेला वाटलं, बघ, एवढ्याशा जिवालाही सोडलं नाही खाऱ्या वाऱ्यानं. घरातल्या खिडकीचे गज खाल्ले, पंख्याची पाती खाल्ली, मुलाच्या, मिथुनच्या मोटरसायकलचा सायलेन्सर खाल्ला, आता हा... ती पुढं वाकली, आणि लगेच मागं सरली. सकाळपासून मच्छीबाजारात बसून उठलेली बाई ती. हात साबणानं दोनदा धुतले होते, लिंबू चोळलं होतं, टोपली बाजारात शेजारी बसणाऱ्या भाविकाच्या जवळ ठेवून आली होती, तरी बोंबलाचा वास काय असा सांगून सुटतो? आणि दुकान थंडगार, काचेचं, दार लावलेलं. वास बाहेर जाणार कुठून?

"बसा ना, मावशी," अक्षय म्हणाला.

"नको. उभी बरी हाय मी."

दीपिका, तिची सून, स्टुलावर बसली होती. तिचं लक्ष स्क्रूकडे नव्हतंच. ती उघड्या पडलेल्या जुन्या लॅपटॉपकडे बघत होती, दवाखान्यात आपल्या माणसाचं अंग उघडं टाकल्यावर बघावं तशी, थोडी बघत, थोडी न बघत. त्या लॅपटॉपवर तिनं सहा महिने काढलेली चित्रं होती. चित्रं म्हणजे नळांची. तारापूरच्या कारखान्यांमधून कुठला पाइप कुठून कुठं जाणार, कुठं वळणार, कुठं त्याला झडप बसणार, ते सगळं दीपिका घरात बसून काढायची आणि बोईसरच्या ऑफिसात पाठवून द्यायची. केळवे-माहीमची पोर, पालघरला डिप्लोमा केलेली. लग्न ठरवताना जमनेनं अभिमानानं सगळ्या आळीत सांगितलं होतं, ती नळाची इंजिनेर हाय म्हणून. आणि आळीतल्या बायकांनी पुढं कित्येक दिवस तिला आपापले गळके नळ दाखवले होते.

अक्षयनं आतून एक काळी पट्टी काढली. "डिस्क शाबूत आहे, ताई. ड्रॉइंगं सगळी मिळतील. कॉपी करायला लावतो, तोवर नवीन बघून घ्या."

नवीन. त्यासाठीच तर जमना आली होती, हट्टानं. दीपिका म्हणाली होती, तुमी कशाला दगदग करता, आई, मी एकटी जाऊन घेते. पण टिकाऊ वस्तू घ्यायची म्हणजे घरातल्या मोठ्या माणसानं हात लावून बघितली पाहिजे, असं जमनेचं ठाम मत. आणि दुसरं एक कारण होतं, ते तिनं कोणाला सांगितलेलं नव्हतं.

गौरी-गणपतीत लॅपटॉप बंद पडला. दीपिका तो बोईसरला दाखवून आली. दोन-तीन दिवसांनी मिथुनचा फोन आला, बोट दूर कुठल्या बंदराला लागली होती, आणि दीपिका मागच्या दारी उभी राहून त्याच्याशी बोलत होती. हळूच बोलत होती. पण समुद्राच्या आवाजावरून बोलायची सवय झालेल्या माणसाचं हळू ते किती हळू? जमना चुलीजवळ होती. तिनं ऐकलं. "इथली हवा खारी हाय, मिथुन. इथं नवीन घेतला तरी टिकायचा नाय. परत परत कुठून आणायचा? त्यापेक्षा बोईसरला खोली बघू. ऑफिस पण जवल पडेल..." पुढचं जमनेनं ऐकलं नाही. चुलीवरचं कालवण उतू गेलं, तेही तिला विस्तवाच्या चरचरण्यानं कळलं.

बोईसरला खोली! म्हणजे मिथुन बोटीवर, पंधरा-पंधरा दिवस पाण्यात, आणि दीपिका बोईसरला. आणि दांडी गावातल्या घरात...

नवरा गेल्यावर जमनेनं कित्येक वर्षं संध्याकाळी दिवा लावला तो केवळ लावायचा म्हणून. मग ही आली. ही पहिल्याच महिन्यात ओट्यावर पाय पसरून बसली आणि म्हणाली, आई, डोक्यात तेल घालून द्या ना, मला माज्या आईची आठवण येते. तेव्हापासून रोजच्या संध्याकाळी. ती एका बाजूला तिच्या काळ्या पडद्यावर पिवळ्या-हिरव्या रेघा ओढत बसायची, जमना दुसऱ्या बाजूला जवळा निवडत बसायची, मधूनच एखादी गोष्ट निघायची, मधूनच दोघी गप्प. अशा वेळी त्या लॅपटॉपचा पंखा बारीक घुमायचा, आणि जमनेला घरात आणखी कोणी तिसरं बसलंय असं वाटून बरं वाटायचं. मुलगी नव्हती तिला. झाली ती ही, उशिरा.

म्हणून ती आली होती: दांडीला टिकेल असा लॅपटॉप शोधायला. जगात कुठंतरी तो असणारच. पाण्यात राहणाऱ्या बोटी माणसानं बनवल्या, तर वाऱ्यात राहणारी एवढीशी पेटी बनवली नसेल?

अक्षयनं काउंटरवर तीन मांडले. पहिला रुपेरी, पातळ, पापलेटासारखा. जमनेनं दीपिकाकडे बघून घेतलं, मग धीर करून अंगठ्यानं त्याच्या पाठीवर दाबलं. पाठ आत गेली आणि वर आली.

"हा मऊ हाय."

दीपिकाला हसू आलं. "आई, ते दाबून नाय बघत."

"मग कसं बघतात? दाबल्याशिवाय कलतं काय, ताजा का शिला? उघड रे, याचं झाकण उघड... आतून दाखव."

अक्षय नगरकडचा, बापाच्या कारखान्यातल्या नोकरीपायी इकडं आलेलं कुटुंब. त्याला बाई आवडली असावी. त्यानं गंभीर चेहऱ्यानं झाकण उघडून दाखवलं, बिजागरी दाखवली, मिटून दाखवलं. "हा दिसायला छान आहे, पण मावशी, ह्याचं सगळं आत चिकटवलेलं असतं. एक गेलं की सगळं गेलं. पुढं मेमरी वाढवायची म्हटली तर वाढत नाही. ताईंच्या ड्रॉइंगला हा दोन वर्षांत धापा टाकेल."

"ठेव तो."

दुसरा लाल रंगाच्या कडेचा, जाडा, खेळांचा. त्याचा पंखा सुरू झाला तर दांडीच्या बंदरावर ऐकू जाईल, असं दीपिकाच म्हणाली. तिसरा काळा. कुठल्याशा मोठ्या ऑफिसात वापरून झालेला, पण अक्षयनं आतून साफ करून, नवी बॅटरी, नवी डिस्क घालून ठेवलेला. कोपरे बोथट, झाकणावर एक ओरखडा. जमनेनं दाबलं, पाठ जागची हलली नाही. तिनं झाकण उघडमीट केलं, बिजागरीशी कान नेला, किबोर्डवरून तळहात फिरवला. वजनदार होता. तिनं तो दोन्ही हातांवर तोलला, आणि आपण भर दुकानात एका अनोळखी यंत्राला ताज्या जन्मलेल्या पोरासारखं धरून उभ्या आहोत, हे तिच्या लक्षात आलं.

"हा चांगला," अक्षय म्हणाला. "खालचे स्क्रू काढले की सगळं बदलता येतं. मेमरी, डिस्क, पंखा, बॅटरी. किबोर्डवर चहा सांडला तरी खालून निघून जातो. सुटे भाग इथं बोईसरात मिळतात. वर्षभर माझी गॅरंटी. आणि नव्याच्या मानानं परवडतो."

जमनेनं श्वास घेतला. मग विचारायचं होतं ते विचारलं. "आनि दांडीला? आमच्या दांडीला टिकेल हा? खाऱ्या हवेत?"

"टिकेल की!" अक्षय हसत म्हणाला. "सातपाटीला, केळव्याला, माहीमला किती जण माझ्याकडून नेतात. काम झालं की पुसून झाकून ठेवायचा, पावसात पिशवीत त्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या टाकायच्या. हवेनं एवढं काही होत नाही हो, बाहेरचे स्क्रू तेवढे गंजतात. फक्त तेल नका घालू आत. ताईंना मी मागच्या खेपेला दाखवलं ना... पंखा सगळा चिकटलेला, फटींमधून खोबरेल आत उतरलेलं, वर धुळीचा लगदा. मग तापून तापून बोर्ड जळाला. नाहीतर चांगला चालला असता अजून."

त्यानं सहज सांगितलं, आणि तो कॉपी किती झाली ते बघायला आतल्या टेबलाकडे वळला.

खोबरेल.

मे महिना संपता संपता बोटी वर ओढतात दांडीत. इंजिनं उतरवतात, ग्रीस चोपडून ताडपत्रीत बांधून ठेवतात. आणि घरोघरी बायका लोखंडाचं असेल नसेल त्याला तेल लावतात: कोयत्यांना, कुलपांना, शिलाई मशिनला, तराजूच्या आकड्याला, दाराच्या बिजागऱ्यांना. वाटीत खोबरेल घ्यायचं, कोंबडीचं पीस बुडवायचं, आणि फट दिसली की फिरवायचं. जमनेच्या आईनं तसंच केलं, सासूनं तसंच केलं. त्या दिवशी दीपिका माहीमला गेली होती, भावाच्या मुलीच्या बारशाला. सगळं करून झालं, वाटीत तेल उरलं, आणि टेबलावर तो बिचारा राहून गेलेला दिसला. बिजागरी होती त्याला. बाजूला किती फटी होत्या, काही चौकोनी, काही गोल... जमनेनं त्या एकेक करून प्रेमानं भरल्या होत्या. खालच्या जाळीतही पीस फिरवलं होतं. पावसाला तोंड द्यायचंय पोरीच्या जिवाभावाच्या वस्तूला, असं मनात म्हणत. वर पुसून लखलखीत केला होता.

आणि दीपिका आल्यावर काही बोलली नव्हती. नाकाशी नेऊन हुंगला होता का तिनं? हुंगला असेल. हसली होती का? जमनेला आठवेना.

म्हणजे वाऱ्यानं नाही. मी. माझ्या हातानं मारला मी तिचा लॅपटॉप.

तिनं काउंटरची कड धरली. आणि त्या पहिल्या लाटेमागून दुसरी आली, ती जास्त मोठी: हिला ठाऊक होतं. अक्षयनं मागच्या खेपेला दाखवलं. मागची खेप म्हणजे गणपतीनंतर लगेच, मिथुनच्या त्या फोनच्या आधी. हिला ठाऊक होतं, आणि ही मागच्या दारी उभी राहून म्हणाली, इथली हवा खारी हाय. घरी मला म्हणाली, हवेनं गेला, आई, तुमी नका जीवाला लावून घेऊ. का म्हणाली? मला वाईट वाटू नये म्हणून? नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, आईनं केलं म्हणून? एवढं झाकलं मला? की... की खाऱ्या हवेचं कारण तिला बरं पडलं? तेल आईचं; आईला सांगितलं की आई पुन्हा तेल लावणार नाही, विषय संपला, घर सोडायला काही कारण उरत नाही. हवेला मात्र कोण काय सांगणार?

तिनं दीपिकाकडे बघितलं. दीपिका काळ्या लॅपटॉपवरच्या त्या ओरखड्यावरून बोट फिरवत होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

आता नुसतं बोलायचा अवकाश. ऐकलंस, बाय? टिकेल म्हनतो तो, दांडीला. मग कशाला खोली नि बिली? एवढं एक वाक्य. तोंडात तयार होतं. जिंकायचंच म्हटलं तर जमना बाजारात कोणाला ऐकणारी नव्हती, आणि इथं तर दुकानदारच तिच्या बाजूनं साक्ष देऊन गेला होता. ते वाक्य टाकलं की दीपिका काय म्हणणार? होय म्हणणार. गुणी पोर ती. होय म्हणेल, आणि दांडीला राहील, आणि संध्याकाळी ओट्यावर बसेल... आणि मग आपल्याला रोज वाटत राहील, ही आपल्या वाक्यानं इथं बसली आहे.

"आई," दीपिका म्हणाली. मान वर न करता. "तुमीच सांगा, कोनता घेऊ?"

"हा काला," जमना म्हणाली. "हा टिकेल."

कुठं टिकेल, ते ती म्हणाली नाही. दीपिकानंही विचारलं नाही.

नवापूर नाक्यावर टमटम भरायला वेळ लागला. उन्हं कलली होती, कारखान्यांच्या बाजूनं तो ओळखीचा आंबूस वास येत होता, मागच्या सीटवर दोन कामगार हिंदीत कुणाच्या तरी पाळीबद्दल भांडत होते. नवी पिशवी दीपिकाच्या मांडीवर, रिकामी टोपली जमनेच्या पायाशी. दोघींच्या मधे हातभर जागाही नव्हती, आणि तरी आज जमनेला तिथं कोणी तिसरं बसलंय असं वाटत होतं. विचारू? विचारावं. तुला ठाव होता ना, गो? मना का नाय बोललीस? मायेनं नाय बोललीस, का जायचं होतं म्हनून?

पण असं कोणी विचारतं काय? आणि विचारलं तर तिला तरी सांगता येईल काय?

तिला स्वतःचं आठवलं. ती नवी होती तेव्हा दांडीच्या बायका बंदरावरच माल देऊन मोकळ्या व्हायच्या, नाहीतर फार तर तारापूरला जायच्या. जमनाच पहिल्यांदा सासूला म्हणाली, मी बोईसरला बसते, तिथं भाव बरा मिलतो. खोटं नव्हतं. भाव बरा मिळत होताच. पण बोईसरला कोणी तिला अमक्याची सून म्हणत नव्हतं. भर दुपारी बाजार रिकामा झाला की ती पाय पसरून चहा प्यायची आणि अर्धा तास काही म्हणजे काही करायची नाही. त्या अर्ध्या तासासाठी ती टोपली डोक्यावर घेऊन एवढी वाट तुडवायची. सासूवर तिचा जीव नव्हता का? होता. सासू गेली तेव्हा तिच्याइतकं कोणी रडलं नाही. दोन्ही खरं होतं, एकाच वेळी, एकाच पोटात. आणि सासूनं कधी विचारलं नाही. म्हातारीला समजत नव्हतं, असं जमना आजवर धरून चालली होती... पण ती रोज संध्याकाळी टोपली उतरवायला दारात उभी असायची, आणि टोपली उतरवताना सुनेच्या तोंडाकडे असं काही बघायची, की —

तिला कळत होतं. सगळं कळत होतं तिला. इतक्या वर्षांनी, टमटमच्या हिसक्यात, जमनेला आपल्या मेलेल्या सासूचा उमाळा आला.

"आई," दीपिका म्हणाली. रस्ता आता मोकळा झाला होता, दोन्ही बाजूंनी मिठागराची उघडी जमीन लागली होती. "याला झाकायला तुमी कापड शिवाल? जाडसर. तुमच्या हातचं."

"शिवीन की."

"तेल नाय लावायचं पन." हे बोलताना तिचा आवाज हलला, हसू होतं का दुसरं काही, ते वाऱ्यात कळेना.

"मी नाय लावायची," जमना म्हणाली. "नाय लावायची, बाय. चुकले मी."

दीपिकानं तिचा हात धरला. मासळी कापून कापून भेगाळलेला, लिंबाचा आणि बोंबलाचा मिळून काही भलताच वास येणारा हात. तिनं तो पिशवीवर ठेवला आणि वर आपला ठेवला. काही बोलली नाही. बोईसरच्या खोलीचं नाही, हवेचं नाही. कदाचित तिचं तिलाच ठरलेलं नसेल. कदाचित मिथुन आला की दोघं बसतील, बोलतील, आणि मग... जमनेनं बोटांखालची पिशवी चाचपली. कापड जाड हवं, आतून मऊ. घरात ती जुनी हिरवी सतरंजी आहे, तिचं होईल. चारी बाजूंनी घडी, वर झाकण, एक बंद. टेबल खिडकीशी नको मात्र. पश्चिमेचं ऊन येतं. खिडकीपासून लांब, भिंतीशी. आणि स्वैपाकाचा धूर... खोली एकच असेल तर गॅस नि टेबल यांच्या मधे पडदा हवा. जिना असेल काय? बोईसरच्या त्या चाळींना जिने फार उभे...

तिथं ती थबकली. ती कुठल्या खिडकीचा विचार करत होती? दांडीच्या घरात जिना नव्हता.

तरीही जमना त्या खोलीत आणखी थोडं वावरली. मच्छीबाजारापासून लांब नसणार ती. दुपारी माल संपला की जाता येईल. पोरीचं ऑफिस असेल, पण कधी घरी असेल. टोपली बाहेर ठेवायची, जिन्याखाली, शेजाऱ्यांना वास नको. पाय धुवायला नळ कुठं असेल... नळ तर ती बरोबर सांगेल. अजूनही तिनं जाऊ नये असंच जमनेला वाटत होतं. देवाशपथ तसंच वाटत होतं, आज रात्रीही वाटेल. फक्त जन्मभर उघड्या दारातून आत शिरायची सवय असलेली ती बाई, त्या खोलीच्या बंद दाराशी मनातल्या मनात उभी राहून, कडी वाजवावी की नुसती हाक मारावी, हे ठरवू बघत होती, आणि तिचं काही केल्या ठरत नव्हतं.